लाल गाडीची वही

१

कप्पा रिकामा होता.

जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठनी आधी आत हात घातला, मग चष्मा वर सरकवून डोकंच आत घातलं, आणि बाहेर आले ते तोंड एवढंसं करून.

"वही नाही हो आत!"

लाल रंगाच्या त्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारभोवती उभे असलेले चौघेजण एकदम पुढं वाकले. गाडीचा जुना मालक फोटोग्राफर होता. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला आता एवढ्या बुटक्या गाडीत बसता-उठता येत नव्हतं, म्हणून ती विकायला काढली होती. गाडी घ्यायला आलेला गावातला नावाजलेला दातांचा डॉक्टर होता. त्याच्या शेजारी त्याची बायको. आणि जरा बाजूला, रुमालानं मान पुसत, डॉक्टरचा थोरला भाऊ. ड्रायव्हिंग स्कूल चालवत असल्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

वही म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच. फोटोग्राफरनं बारा वर्षं प्रत्येक फेरी स्वतःच्या हातानं तीत लिहिली होती. तारीख, मीटरचा आकडा, कुठं गेलो, काय दुरुस्त केलं, सगळं. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, वही मिळणार असेल तरच गाडी घेतो.

"चार वाजता मीच ती डॉक्टरसाहेबांना दाखवली," शेठ म्हणाले. "कप्प्यात परत गेली, झाकण खट्कन लागलं, ते मी कानांनी ऐकलं. झाकण नुसतं दाबलं तरी लागतं, पण उघडायला गाडीचीच किल्ली लागते. आणि किल्ली एकच आहे."

"दुसरी कधीच हरवली," फोटोग्राफर म्हणाला.

"आता मला सांगा," शेठचा आवाज जरा खाली आला, "चारनंतर गाडी एकट्याच्या ताब्यात कुणाच्या होती?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. चालवून बघायला पहिल्यांदा डॉक्टर गेला तेव्हा शेजारी शेठ होते. दुसऱ्यांदा गेला तेव्हा शेजारी बायको. तिसऱ्या फेरीला मात्र मास्तर गेले होते, एकटे. पंधरा मिनिटांत या म्हटलं होतं, ते चाळीस मिनिटांनी आले.

"शिवाय तुम्ही आधी डावीकडं बसलात," शेठ पुढं म्हणाले. "कप्प्यासमोर. राग मानू नका मास्तर, मी पाहिलं ते बोललो."

"अहो, सव्वीस वर्षं मी डावीकडंच बसतोय! शिकवणारा कुठं बसतो? सवयीनं दार उघडलं, बसलो, स्टिअरिंग दिसेना तेव्हा लक्षात आलं."

कुणी हसलं नाही. मग धाकटा भाऊ पुढं आला. इतक्या हळू बोलला, की ओरडला असता तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

"दादा, मी ही गाडी घेऊ नये असं तुला वाटत होतं ना? मग तोंडानं म्हणायचं. वही कशाला पळवलीस?"

२

मास्तरांच्या जिवाला लागलं ते वेगळंच. आळ खोटा होता, पण त्यामागचं कारण खरं होतं.

ही गाडी गावात पहिल्यांदा आली तेव्हापासून मास्तर तिचा आवाज ओळखायचे. मागून तो घुमारा आला की शेजारच्या शिकाऊ माणसाला म्हणायचे, "बाजूला घ्या, थांबवा." त्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. मास्तर नुसते आरशात बघत राहायचे. लाल ठिपका मोठा व्हायचा, शेजारून सळकन जायचा आणि वळणावर दिसेनासा व्हायचा. मग ते आपल्या पांढऱ्या, दोन ब्रेकांच्या, डोक्यावर पाटी लावलेल्या गाडीत एक सुस्कारा टाकायचे. "हां, चला. क्लच."

आणि ती गाडी घेणार कोण, तर छोट्या! ज्याला गाडी शिकवताना मास्तरांनी दोन क्लच प्लेटा बदलल्या होत्या. ज्याला अजून इंजिन पुढं असतं की मागं ते सांगता येत नव्हतं. लहानपणी नवी सायकल छोट्याला मिळाली, मास्तरांना मामाची जुनी. पुढच्या शिक्षणाला छोट्या गेला, मास्तर घर सांभाळायला मागं राहिले. छोट्याचा दवाखाना थंडगार, मास्तरांच्या ऑफिसात पंख्याला एक पातं कमी. हे सगळं त्यांनी गिळलं होतं. पण "दादा, तुला कळतं त्यातलं, जरा चालवून बघतोस का माझ्यासाठी?" असं छोट्यानं विचारलं, तेव्हा ते मात्र काही केल्या गिळता येईना. बघतो म्हणाले खरे, पण आदल्या दिवशी मनात काय काय येऊन गेलं होतं ते देवालाच ठाऊक. गिअरबॉक्स खराब आहे म्हणून ठोकून द्यावं. ही वहीच नाहीशी झाली तर? हो, हासुद्धा विचार आला होता. आला आणि त्यांनी तो हाकलला होता. पण आलेला विचार चेहऱ्यावर थोडा तरी राहत असेल का? म्हणून तर सगळ्यांना एवढ्या चटकन पटलं नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन शिकवण्या रद्द केल्या आणि शेठचं दुकान गाठलं.

"शेठ, मी चोर आहे असं धरून चला. मला फक्त सांगा, मी चोरी केली कशी?"

शेठ अवघडले. पण माणूस हिशेबी डोक्याचा, कोडं समोर आल्यावर राहवेना. "सोपं आहे. ही गाडी गरम असताना बंद केली की रुसते. पंधरा मिनिटं हूं का चूं करत नाही. म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं, फेरी संपली तरी इंजिन बंद करू नका. चार वाजता सुरू केलं ते साडेपाचला फोटोग्राफर आल्यावर, सगळ्यांसमोर बंद केलं. आता चालू गाडीची किल्ली निघत नाही. किल्लीशिवाय कप्पा उघडत नाही. म्हणजे ज्यानं वही काढली त्यानं वाटेत गाडी बंद केली आणि पंधरा मिनिटं ताटकळला. उशीर झालेला माणूस एकच."

मास्तरांनी बोटांवर एकेक मुद्दा मोजून पाहिला. त्यांना स्वतःलाच हा युक्तिवाद निर्दोष वाटला.

"आणि तुम्हाला वही नको असायचं काही कारण? मीटर मागं फिरवलं असेल तर..."

"मास्तर!" शेठनी कानाच्या पाळ्या धरल्या. "वहीचा शेवटचा आकडा आणि मीटर तंतोतंत जुळतात, डॉक्टरांना मीच दाखवलं. ती वही आहे म्हणून तर गाडीला गिऱ्हाईक आहे. मी कशाला माझ्या पायावर धोंडा मारून घेऊ? पण खरं सांगा, ती चाळीस मिनिटं होतात कुठं?"

मास्तर उठून दाराकडं वळले. ती चाळीस मिनिटं कुठं गेली ते सांगण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं, असं क्षणभर त्यांना खरंच वाटलं.

३

फोटोग्राफर स्टुडिओत पाठीशी उशी घेऊन बसला होता. भिंतीवर नवरा-नवरींचे, बाळांचे, पदवीदानाचे फोटो. सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसणारे.

"मला संशयितांत धरलंत ना? धरा," तो म्हणाला. "गाडी जाऊ दे, पण वही ठेवून घ्यावी असं फार वाटत होतं. डॉक्टर ऐकेनात. पण मी आलोच साडेपाचला. गाडीला हातसुद्धा लावला नाही. शेवटची फेरी लिहायची होती, म्हणून वही मागितली."

"त्या वहीत एवढं होतं तरी काय? मी उघडून बघितली नाही."

"एक रकाना सोबतचा होता." तो जरा घुटमळला. "शेजारी कोण बसलं होतं ते. मला आपली सवय. पहिल्या चार वर्षांत एक नाव पुष्कळदा आहे. चिमणी."

"चिमणी कोण?"

"माझ्याकडं कामाला होती. फोटो दुरुस्त करायची, हात फार हलका. आठ वर्षं झाली तिच्या लग्नाला." फोटोग्राफरनं मान वळवली. "बाकीचं तिलाच विचारा. नात्यानं तुमची भावजय लागते."

मास्तर जिना उतरले ते थेट भावाच्या घरी गेले.

भावजय घरीच होती. तिनं दार उघडलं, मास्तरांना बघितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"दादा, मी काल काही बोलले नाही. चुकलंच माझं."

"वही तू घेतलीस का? घेतली असशील तर सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"घ्यायची होती," ती सरळ म्हणाली. "खोटं कशाला बोलू? यांनी गाडी दाखवायला नेलं तेव्हाच मी ती ओळखली. सगळं जग सोडून हीच गाडी कशी सापडली यांना? वही घरी आली की हे वाचणार. मी तिथं कामाला होते एवढंच यांना ठाऊक. गाडीत बसायचे ते कधी निघालंच नाही."

"मग?"

"फेरीला गेलो तेव्हा मी झाकण ओढून पाहिलं. उघडेना. यांना म्हटलं, जरा थांबा, गाडी बंद करा, फोटो काढू या. म्हटलं किल्ली मागेन काहीतरी निमित्त काढून. तर हे म्हणाले, बंद केली तर सुरू होणार नाही." ती कसनुसं हसली. "ओढताना नख तुटलं माझं. हे बघत होते. पण काय शोधतेस म्हणून विचारलं नाही."

मास्तर निघाले होते ते दारातच थांबले.

"काय म्हणालीस? बघत होता, आणि विचारलं नाही?"

"हो. नुसते बघत होते. जसं काही आत काही नाहीच."

४

मास्तर पायी चालत होते. शिकवताना ते सांगायचे, घाई झाली की आधी पाय ब्रेकवर ठेवा आणि मग विचार करा. आज तेच करत होते.

शेठचा युक्तिवाद बरोबर होता. फक्त एका जागी तो मास्तरांना चोर धरून चालला होता. तेवढी जागा बदलली तर? मास्तरांना स्वतःपुरतं पक्कं ठाऊक होतं, की त्या चाळीस मिनिटांत इंजिन एकदाही बंद झालं नव्हतं. म्हणजे चार ते साडेपाच गाडी सलग चालू. म्हणजे दीड तास किल्ली जागची हलली नाही. म्हणजे कप्पा उघडलाच नाही, कुणाकडूनच.

न उघडलेल्या कप्प्यातून वही गेली कशी? गेली नाही. ती कप्प्यात गेलीच नव्हती.

शेठनी काय पाहिलं होतं? काहीच नाही. त्यांनी खट् ऐकलं होतं. वही दाखवून झाल्यावर ती ठेवायला गाडीपर्यंत गेला कोण? "मी ठेवतो शेठ, तुम्ही या सावकाश" असं म्हणालं कोण? आणि लाल गाडीला लागून, काच खाली केलेली दुसरी गाडी उभी होती कुणाची?

दवाखान्यात छोट्या एकटाच होता. दुपारचे पेशंट यायला वेळ होता. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि जे सुचलं होतं ते एका दमात सांगितलं. छोट्यानं आधी मान हलवली, मग हात उडवला. शेवटी टेबलाचा खालचा खण उघडला. जाड पुठ्ठ्याची वही पेशंटच्या कागदांखाली होती.

"त्र्याहत्तर वेळा," तो म्हणाला. "त्र्याहत्तर वेळा ती त्या गाडीत बसलीय, दादा. मी मोजलं."

"अरे, लग्नाआधीची गोष्ट!"

"तिच्या कपाटात एक फोटो सापडला मला. या गाडीत बसून हसतेय. दादा, आठ वर्षांत माझ्याकडं बघून ती तशी एकदा, एकदा तरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "गाडी विकायला आल्याचं कळलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गाडीच घेऊन टाकू. मग वहीबद्दल कळलं. मला आधी वाचायची होती. एकट्यानं. वाचली, आणि मग परत ठेवायची कशी ते समजेना."

"म्हणून माझ्यावर ढकललीस?"

"लोकांना तसंच वाटलं. मी नुसतं..." छोट्या एकदम पुढं वाकला. लहानपणी काच फोडून आल्यावर वाकायचा तसा. "दादा, तसंच राहू दे ना. तू घेतलीस म्हण. गंमत केली म्हण. तुझं काय जाणार आहे? तिला कळलं, की मी तिच्या मागं हेरगिरी करतोय, तर माझं घर मोडेल रे."

मास्तरांना आधी राग आला नाही, आलं ते आश्चर्य. "आणि मला वाटत होतं, तू मला खिजवायला ही गाडी घेतोयस."

"तुला?" छोट्या खरोखरच गोंधळला. "तुझा काय संबंध? तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतास."

वीस-पंचवीस वर्षं जो हेवा मास्तरांनी पोटाशी धरून वाढवला होता, त्याची समोरच्याला खबरसुद्धा नव्हती. शर्यतीत ते एकटेच धावत होते. मास्तर उठले.

"तुझं घर मोडावं असं मला वाटत नाही. पण माझं नाव मी देणार नाही, छोट्या. दुसरं आहेच काय माझ्याकडं? पाच वाजता शेठकडं ये, वही घेऊन. मी कुणाला काही सांगणार नाही. माझी चाळीस मिनिटं तेवढी सांगेन."

"आणि मी आलो नाही तर?"

मास्तर बाहेर पडले. छोट्या आला नाही तर काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

५

पाच वाजता शेठच्या ऑफिसात मास्तर आले ते ड्रायव्हिंग स्कूलसमोरच्या शिंप्याला घेऊन. शिंप्याच्या गळ्यात अजून टेप होता. भावजयीलाही त्यांनी बोलावलं होतं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. एक खुर्ची रिकामी होती.

"शेठ, सकाळी तुम्ही विचारलंत मी होतो कुठं. हे सांगतील."

"कुठं म्हणजे? माझ्या डोक्यावर!" शिंप्यानं तक्रारच मांडली. "दुकानासमोर लाल गाडी लावली आणि आत बसून राहिले, घुर्र घुर्र घुर्र. माझ्या मशीनची सुई उड्या मारायला लागली. तीनदा उठून सांगितलं, मास्तर, बंद करा हो ते! तर म्हणे, बंद केली तर सुरू होत नाही. पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. कोटाची बाही वाकडी गेली त्यापायी."

"एकदाही बंद केली नाही?" शेठनी विचारलं.

"केली असती तर मी पेढे वाटले असते."

"पण मास्तर, एवढा वेळ तिथं करत काय होतात?"

मास्तरांचे कान तापले. शिंप्याला मात्र कसला संकोच नव्हता. "लोकांना दाखवत होते! काच खाली, कोपर बाहेर. मी विचारलं, कुणाची गाडी? म्हणाले, माझीच. आजच घेतली. मी हातसुद्धा मिळवला."

शेठनी मास्तरांकडं पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले. "खोटं बोललो. भावाच्या गाडीत बसून, माझी म्हणून सांगितलं. मला त्याचा हेवा वाटतो, शेठ. आजचा नाही, फार जुना आहे. काल तुम्ही माझ्या तोंडावर जे वाचलंत ते बरोबर वाचलंत. पण वही मी घेतली नाही."

भावजयीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. शेठ टेबलावर बोट फिरवत होते. "म्हणजे इंजिन बंदच झालं नाही... मग किल्ली... मग कप्पा..." बोट थांबलं. "अहो, मग वही आत गेलीच नाही! म्हणजे ठेवायला जो..."

त्यांनी दाराकडं पाहिलं, कारण दार उघडलं होतं.

डॉक्टर उंबऱ्यात उभा होता. वही छातीशी धरलेली. तो बायकोकडं बघत नव्हता. मास्तरांना वाटलं, आता हा पळेल. काच फोडली की पळायचाच तो. आणि मागं राहिलेल्या मास्तरांना बोलणी बसायची.

"वही मी घेतली होती," डॉक्टर म्हणाला. "दादानं नाही. त्याचा काही संबंध नाही."

शेठ उठून उभे राहिले. त्यांनी मास्तरांपुढं हात जोडले. मास्तरांनी ते हात खाली केले. छातीवरचं ओझं उतरलं होतं, पण आनंद म्हणावा तसा होत नव्हता. त्यांचे डोळे कोपऱ्यातल्या खुर्चीकडं होते.

भावजय उठली. नवऱ्याच्या हातातून वही घेतली, चाळली. एका पानावर बोट ठेवून थांबली, आणि तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. राग की हसू, ते मास्तरांना सांगता आलं नाही.

"वाचलीत सगळी?"

"हो."

"किती वेळा बसले मी, मोजलंत?"

डॉक्टरनं मान खाली घातली. "त्र्याहत्तर."

"मोजलंत. पण मला विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही, भीतीनं. आठ वर्षं!" तिनं रिकामी खुर्ची ओढून स्वतःच्या खुर्चीसमोर मांडली. "बसा. एकेक सांगते. कुठं गेलो, काय बोललो, कशाला हसले. तुम्हाला आवडेल ते सांगेन, नाही आवडणार तेही सांगेन. मधेच उठायचं नाही. आहे तयारी?"

डॉक्टर खुर्चीकडं बघत उभा राहिला. मग बसला.

शिंप्याला यातलं काही उमगलं नव्हतं आणि सगळं ऐकायचं होतं. शेठचेही पाय निघत नव्हते. मास्तरांनी एकाचा दंड धरला, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चला," ते म्हणाले. "आपण बाहेर थांबू."

आणि बाहेर पडल्यावर त्यांनी दार आवाज होणार नाही असं हळू लावून घेतलं.